मुक्या जनावराची वेदना आणि प्रादेशिक भुलीचे शास्त्र



नाशिक जिल्हा द्राक्षांचा, कांद्याचा आणि यात्रांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा असोत, लासलगाव परिसरातील कांद्याच्या चाळी असोत, वा सिन्नर-येवल्याच्या माळरानावर मुक्कामाला उतरलेला मेंढपाळांचा वाडा असो, राखणीला कुत्रा असतोच. उसाच्या शिवारात बिबट्या शिरला की गावाला पहिली वर्दी देतो तो कुत्राच. मालेगाव तालुक्यातील चंदनपुरी हे खंडोबा आणि बाणाईचे स्थान. या खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो आणि श्रीदत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. या प्राण्याला लोकजीवनात असे मानाचे स्थान आहे.

परंतु याच कुत्र्याचा पाय मोडला तर काय होते? मुंबई-आग्रा महामार्ग इगतपुरीपासून नाशिक, पिंपळगाव बसवंत, चांदवड आणि मालेगाव असा जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. रस्ते रुंद झाले, वाहनांचा वेग वाढला आणि त्याबरोबर रस्ता ओलांडताना जखमी होणाऱ्या जनावरांचा प्रश्नही उभा राहिला. मांडीचे हाड, नडगी, कमरेची हाडे यांचे मोड हा अशा अपघातांचा नेहमीचा परिणाम होय. अनेकदा बांबूच्या कामट्या बांधून, "मुके जनावर आहे, सोसेल" असे म्हणून त्याला सोडून दिले जाते. काही वेळा चार जणांनी दाबून धरून मोड बसविण्याचा प्रयत्न होतो. जनावर ओरडते, चावायला धावते, आणि मग ते "द्वाड" ठरते.

जनावर सोसते हे खरे. पण त्याला दुखत नाही हे खरे नाही. कुत्र्याच्या हाडावरील पातळ आवरण माणसाच्या हाडावरील आवरणाप्रमाणेच मज्जातंतूंनी भरलेले असते. म्हणूनच हाडाचा मोड आणि हाडाची शस्त्रक्रिया या अतिशय वेदनादायक गोष्टींपैकी मानल्या जातात. ही वेदना मुळापाशीच थांबविण्याचे एक स्वस्त व परिणामकारक साधन पशुवैद्यकशास्त्राकडे आहे. त्याला प्रादेशिक भूल असे म्हणतात. हे साधन काय आहे, ते कसे वापरले जाते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि गावपातळीवर त्याविषयी काय करता येईल, याचा विचार या भाषणात अभिप्रेत आहे.

झोप वेगळी, बधिरता वेगळी

भूल म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या मनात गाढ झोप येते. ही पूर्ण भूल होय. तिच्यात मेंदूची जाणीव हरपते, आणि जनावर निपचित पडते. परंतु मेंदू झोपला तरी शरीरातील मज्जातंतू झोपत नाहीत. शल्यचिकित्सकाने हाडाला भोक पाडले की त्या जागेवरून वेदनेचा संदेश मज्जारज्जूकडे धावतोच. जनावराला तो कळत नाही. पण त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि श्वास जलद होतो. हे थोपविण्यासाठी भूल आणखी गडद करावी लागते. भूल जितकी गडद, तितका हृदयावर व श्वसनावर तिचा भार अधिक. शिवाय तासभर वेदनेच्या संदेशांचा मारा झालेला मज्जारज्जू अधिक संवेदनशील बनतो आणि जाग आल्यावर जनावराला नेहमीपेक्षा अधिक दुखते.

प्रादेशिक भुलीचा मार्ग निराळा आहे. तिच्यात मेंदूला झोपविण्याऐवजी ज्या भागावर शस्त्रक्रिया करावयाची त्या भागाकडून येणारा मज्जातंतूच काही तासांपुरता बंद केला जातो. गंगापूर धरणाच्या कालव्याखालील शेतकऱ्याला हे सहज समजेल. एका वावरात पाणी शिरू नये म्हणून कोणी धरण रिकामे करीत नाही. त्या वावराकडे जाणाऱ्या चारीचे दार बंद केले की काम भागते. मज्जातंतूंतून संदेश पुढे जातो तो सोडियमचे सूक्ष्म कण तंतूच्या आवरणातून आत शिरल्यामुळे. लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हॅकेन यांसारखी औषधे ही वाट तात्पुरती रोखतात. संदेश निघतच नाही. मग मज्जारज्जूपर्यंत तो पोचणार कसा? औषधाचा अंमल ओसरला की तंतू पूर्ववत काम करू लागतो.

कुत्र्याच्या बाबतीत येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसाला कमरेत सुई देऊन, जागेपणी, त्याच्याशी बोलत पायाची शस्त्रक्रिया करता येते. कुत्र्याला "हलू नकोस" असे सांगता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी प्रादेशिक भूल ही शामक औषधांच्या किंवा पूर्ण भुलीच्या जोडीने द्यावयाची असते. मात्र ही जोड दिली की पूर्ण भूल पुष्कळ हलकी ठेवता येते, आणि सारा लाभ नेमका यातच आहे.

गावाला हे अपरिचित नाही

हे शास्त्र शहरी पाळीव कुत्र्यांपुरते आहे, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात ग्रामीण महाराष्ट्राला त्याचा परिचय फार जुना आहे. गाय व्याल्यानंतर तिचे मायांग बाहेर आले म्हणजे पशुवैद्य शेपटीच्या मुळाशी दोन मणक्यांच्या फटीत सुई देतात. थोड्याच वेळात शेपटी लुळी पडते, गाय कुंथणे थांबविते आणि मायांग स्वच्छ करून आत बसविता येते. गाय मात्र चार पायांवर उभीच असते. बैलाच्या शिंगाला कर्करोग झाला तर डोळा आणि शिंग यांच्या दरम्यान हाडाच्या कडेखालून जाणाऱ्या मज्जातंतूजवळ औषध टोचून शिंग काढले जाते. या दोन्ही प्रादेशिक भुलीच होत. गोठ्यात ज्या शास्त्राने गाय-बैल वाचतात, तेच शास्त्र अधिक बारकाईने वापरले की कुत्र्याच्या मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया सुसह्य होते.

एका कुत्र्याचे ऋण

या शास्त्राचा इतिहास उद्बोधक आहे. १८८४ साली व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. त्यानंतर एका वर्षातच, १८८५ मध्ये, न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी एका कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांमध्ये कोकेन टोचले. काही मिनिटांतच त्या कुत्र्याचे मागील पाय लुळे व बधिर झाले, पुढील पायांवर मात्र परिणाम झाला नाही. आणि काही काळाने तो पूर्ववत झाला. पुढे १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बियर यांनी मणक्यातील भुलीचा उपयोग मानवी शस्त्रक्रियेत यशस्वीपणे केला. कोकेन हे घातक व व्यसन लावणारे औषध असल्यामुळे पर्यायांचा शोध सुरू राहिला. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले आणि १९५७ मध्ये त्याच देशात ब्युपिव्हॅकेनचा जन्म झाला. आज ही दोन्ही औषधे भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत.

ज्या दशकात कॉर्निंग यांचा प्रयोग झाला, त्याच दशकात महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाचा पाया घातला गेला. मुंबईत परळ येथे पेटिट कुटुंबाच्या दातृत्वातून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील महाविद्यालये त्यानंतर आली. २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली ती आज एकत्र आली आहेत. जिल्ह्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण याच संस्थांत झालेले आहे.

माणसाच्या प्रसूतीपासून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत आज जी कमरेतील भूल सर्रास वापरली जाते, तिच्या आरंभी एक कुत्रा आहे. माणसाने हे ज्ञान त्याच्याकडून घेतले. आता ते त्याच्या उपयोगी आणणे हा केवळ दयेचा नव्हे, तर परतफेडीचाही प्रश्न आहे.

प्रत्यक्ष पद्धती

कुत्र्याच्या मागील पायासाठी सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे एपिड्युरल, अर्थात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत दिलेली भूल. कुत्र्याला कमरेचे सात मणके असतात. सातवा मणका आणि त्यामागील त्रिकास्थी यांच्यामध्ये एक फट असते. कमरेच्या दोन्ही बाजूंस हाडांची टोके हाताला लागतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित मागे, मध्यभागी, बोटाला एक खळगा जाणवतो. तेथील केस कापून, कातडी निर्जंतुक करून, निर्जंतुक हातमोजे घालून सुई आत घेतली जाते. शेवटचे चिवट बंधन भेदताना हाताला हलकीशी "टच" जाणवते. बहुतेक कुत्र्यांत मज्जारज्जू या फटीच्या थोडा अलीकडेच संपतो. त्यामुळे ही जागा तुलनेने सुरक्षित ठरते. मांजरात तो आणखी मागेपर्यंत येतो, म्हणून तेथे अधिक जपावे लागते.

औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून पाहणे हा न मोडण्याचा नियम आहे. रक्त आले तर सुई रक्तवाहिनीत आहे, आणि स्वच्छ पाणी आले तर ती मज्जारज्जूच्या आवरणात शिरली आहे. दोन्ही वेळा नेहमीची मात्रा देता येत नाही. सर्व ठीक असल्यास औषध सावकाश सोडले जाते, आणि ज्या पायावर शस्त्रक्रिया करावयाची तो पाय काही मिनिटे खाली राहील अशा रीतीने कुत्र्याला कुशीवर ठेवले जाते. लिग्नोकेनचा अंमल पाच-दहा मिनिटांत सुरू होतो व एक ते दोन तास टिकतो. ब्युपिव्हॅकेनला वीस-तीस मिनिटे लागतात, पण ते चार ते सहा तास साथ देते. परिरक्षक नसलेले मॉर्फिन अत्यल्प प्रमाणात त्यात मिसळल्यास वेदनेपासूनचा आराम बारा ते चोवीस तासांपर्यंत वाढू शकतो.

पुढच्या पायाच्या पद्धती वेगळ्या आहेत. कोपर व त्याखालील भागासाठी काखेतील मज्जातंतूंच्या जाळ्याभोवती औषध सोडतात. पंजा व मनगटासाठी दंडाच्या खालच्या भागात चार ठरावीक तंतू अडविले तरी पुरते. मागील गुडघ्याच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या पुढील व मागील असे दोन मोठे तंतू स्वतंत्रपणे बंद करता येतात. यात फक्त एकच पाय बधिर होतो आणि लघवीवर परिणाम होत नाही. पूर्वी हे तंतू केवळ हाताच्या अंदाजाने शोधावे लागत. आता सौम्य विद्युत्‌प्रवाहाने तंतू ओळखणारे उपकरण किंवा सोनोग्राफी यंत्र यांच्या मदतीने सुईचे टोक तंतूजवळ नेमके नेता येते. यामुळे कमी औषधात काम होते आणि चुकीची शक्यता घटते.

मात्रेचे गणित

या शास्त्रात वजनकाट्याला सुईइतकेच महत्त्व आहे. ब्युपिव्हॅकेनची एकूण मात्रा दर किलो वजनास दोन मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असा दंडक आहे. बाजारात मिळणाऱ्या अर्धा टक्का द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम औषध असते. वीस किलोच्या गावठी कुत्र्याला एपिड्युरलसाठी दर किलोस ०.२ मिलिलिटर या हिशेबाने चार मिलिलिटर द्रावण लागते. म्हणजे वीस मिलिग्रॅम, दर किलोस एक मिलिग्रॅम. ही मात्रा मर्यादेच्या निम्मी आहे. परंतु पाच किलोच्या पॉमेरेनियन कुत्र्याची कमाल मर्यादा दहा मिलिग्रॅम, म्हणजे अवघे दोन मिलिलिटर. वीस मिलिलिटरच्या एका कुपीत शंभर मिलिग्रॅम औषध असते. ते या छोट्या कुत्र्याच्या मर्यादेच्या दहापट आहे. डोळ्यांनी वजनाचा अंदाज बांधणे येथे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येईल.

मात्रा अधिक झाली किंवा औषध चुकून रक्तवाहिनीत गेले, तर अंगाला कंप सुटतो, झटके येतात आणि ब्युपिव्हॅकेनच्या बाबतीत हृदयाची गती बिघडून ते थांबूही शकते. म्हणूनच ब्युपिव्हॅकेन शिरेतून कधीही दिले जात नाही. विषबाधा झाल्यास प्राणवायू, झटक्यांवरील औषध आणि शिरेतून द्यावयाचे स्निग्ध द्रावण यांचा उपयोग होतो. ही सामग्री हाताशी ठेवूनच सुई हाती घ्यावी, असा सुज्ञ शल्यचिकित्सकांचा परिपाठ असतो.

लहान दवाखान्याला लाभ

महानगरातील सुसज्ज रुग्णालयात वायुरूप भुलीचे यंत्र, प्राणवायूचा पुरवठा आणि हृदयगती दाखविणारे पडदे असतात. तालुक्याच्या दवाखान्यात हे सारे असेलच असे नाही. तेथे पूर्ण भूल बहुधा शिरेतील औषधांवरच चालते. ती औषधे पुन:पुन्हा द्यावी लागली की जनावर उशिरा जागे होते आणि धोका वाढतो. वेदनाशामक मॉर्फिन हे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. केटामाइनचा समावेश २०१३ मध्ये औषध नियमांच्या अनुसूची ‘एक्स’मध्ये झाला. या निर्बंधांमागील हेतू योग्यच आहे. परंतु त्यांमुळे ही औषधे ठेवणे व त्यांच्या नोंदी सांभाळणे लहान दवाखान्यास जड जाते, हेही खरे आहे.

या परिस्थितीत प्रादेशिक भुलीचे मोल कळते. लिग्नोकेन व ब्युपिव्हॅकेन सर्वत्र मिळतात, स्वस्त आहेत आणि त्यांना मोठ्या यंत्राची गरज नाही. त्यांच्यामुळे पूर्ण भुलीची औषधे कमी लागतात आणि स्नायू सैल पडून मोडलेली टोके जुळविणे सोपे जाते. शस्त्रक्रियेनंतर कुत्रा शांतपणे जागा होतो. या शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. वेदनेने धडपडत उठणाऱ्या कुत्र्यामुळे नुकतीच बसविलेली पट्टी वा सळई सैल होण्याचा धोका असतो. शांत जागा झालेला कुत्रा लवकर अन्न घेतो, जखम चावत नाही, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसांनाही चावत नाही. ज्या कुत्र्याचा पाय "खर्च व त्रास नको" म्हणून कापला गेला असता किंवा ज्याला कायमचे झोपविण्याचा सल्ला मिळाला असता, त्याचा पाय वाचविण्याचा विचार अशा वेळी शक्य कोटीत येतो.

मर्यादांचे भान

कोणतेही चांगले साधन सर्वत्र चालत नाही. प्रादेशिक भुलीला काही स्पष्ट निषेध आहेत. सुई द्यावयाच्या जागी कातडीला संसर्ग असेल तर ती देता येत नाही, कारण जंतू थेट मज्जारज्जूपर्यंत पोचू शकतात. अपघातात पुष्कळ रक्त गेलेल्या कुत्र्याला एपिड्युरल दिल्यास रक्तदाब आणखी घसरतो. त्याला प्रथम शिरेतून द्रव देऊन सावरावे लागते. कमरेची हाडे मोडून जागेवरून सरकली असतील तर खुणाच चुकतात.

आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगा एक धोका म्हणजे गोचीड ताप. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या या रोगात रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणिका फार कमी होतात. अशा कुत्र्याच्या मणक्यांत सुई गेली आणि आत रक्तस्राव झाला, तर साचलेल्या रक्ताच्या दाबाने मागील पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. रखवालीच्या व मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या अंगावर गोचिडांचा सुळसुळाट असतो. म्हणून त्यांची शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी होणे अगत्याचे आहे.

नंतरची काळजीही महत्त्वाची आहे. बधिर पायावर कुत्र्याला उभे राहू देऊ नये. त्याला मऊ अंथरुणावर ठेवावे व वरचेवर कूस बदलावी. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नये. बधिर कातडी भाजली तरी त्याला कळत नाही. मॉर्फिन मिसळलेल्या एपिड्युरलनंतर लघवी तुंबू शकते. तेव्हा ती झाली की नाही यावर लक्ष ठेवावे. भुलीचा अंमल उतरण्यापूर्वीच पुढील वेदनाशामक औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने सुरू झाले पाहिजे, नाहीतर रात्री दुखणे एकदम उफाळून येते.

वेदनाशामकांविषयी एक इशारा आवश्यक आहे. घरात पडलेली माणसांची गोळी कुत्र्याला देऊ नये. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृत शरीर खाऊन गिधाडे नष्ट होऊ लागली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर देशात बंदी आली. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. या जिल्ह्याला त्या बंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

दोन उदाहरणे

मुंबई पोलीस दलातील ‘जंजीर’ या कुत्र्याचे नाव अनेकांना आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेच्या काळात दडविलेली स्फोटके हुडकून त्याने असंख्य प्राण वाचविले. २००० साली हाडांच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला आणि त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. हाडांच्या दुखण्याची तीव्रता ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निष्ठावंत सेवकाच्या अखेरच्या दिवसांची कल्पना करता येईल. कर्करोगावर उपाय नसला तरी वेदनेवर असतो, हे अशा वेळी विसरता कामा नये.

दुसरे उदाहरण उद्योगपती कै. रतन टाटा यांचे. आपल्या कुत्र्याच्या सांध्याचे रोपण करण्यासाठी त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले. परंतु फार उशीर झाला होता, त्यामुळे तेथील शल्यचिकित्सकांनी तो सांधा एका स्थितीत कायमचा जखडून ठेवला, असा अनुभव त्यांनी जाहीरपणे सांगितला होता. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मी येथे टाटा न्यासांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले, त्यामागे ही जाणीव होती. सर्व साधने असलेल्या मालकालाही जेथे उशीर झाला, तेथे वाडीवस्तीवरील मेंढपाळाची अडचण किती मोठी असेल! महासागरापलीकडे जाणे सर्वांना शक्य नाही. म्हणूनच तालुक्याच्या दवाखान्यात जे होऊ शकते ते वेळेवर व्हावे, हा आग्रह रास्त ठरतो.

गावाने काय करावे

जखमी कुत्र्याला उचलण्यापूर्वी कापडाच्या पट्टीने त्याचे तोंड हलकेच बांधावे; मात्र त्याला श्वास घेणे जड जात असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नये. प्रेमळ कुत्राही वेदनेच्या भरात चावतो. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यावी. कुत्र्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर सरकवून न्यावे. मांडी वा दंड मोडला असल्यास कामट्या बांधू नयेत. त्या तरफेसारखे काम करून मोड अधिक बिघडवितात. उघड्या जखमेवर स्वच्छ ओले फडके ठेवावे. हळद, चुना किंवा तंबाखू भरू नये. शस्त्रक्रिया होण्याचा संभव असल्याने पशुवैद्यास विचारल्याशिवाय खाऊ घालू नये. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहून ठेवावा.

पंचायत सदस्यांना आणखी काही करता येईल. दवाखान्यात जनावरे तोलण्याचा काटा चालू स्थितीत आहे का, हा प्रश्न लहान दिसतो; पण वरील गणित पाहता तो जीवन-मरणाचा आहे. प्राणवायूची सोय, क्ष-किरण तपासणीची व्यवस्था, रक्ततपासणीचे साहित्य यांची मागणी वेळोवेळी नोंदविली पाहिजे. पशुवैद्यक अधिकाऱ्यांना महाविद्यालयांतील उजळणी वर्गांस जाता यावे, म्हणून त्यांच्या पदाची तात्पुरती व्यवस्था करणे हे प्रशासनाचे काम आहे. भूल देण्याचे काम नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचे आहे, हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाचे सूत्र सर्वांनी ध्यानात ठेवावे. अप्रशिक्षित हातातील सुई ही मदत नसून संकट होय.

शिक्षकांचे स्थान याहून महत्त्वाचे आहे. लंगडणाऱ्या कुत्र्याला दगड मारणारा मुलगा दुष्ट नसतो. त्या कुत्र्याला आपल्यासारखेच दुखते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. विज्ञानाच्या तासाला मज्जासंस्था शिकविताना ही एक गोष्ट जोडली तर तो धडा आयुष्यभर पुरेल.

१९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्यास अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. जेव्हा वेदना थांबविण्याचे साधनच उपलब्ध नव्हते, तेव्हा मुक्या जनावराचे सोसणे अटळ होते. आज काही मिलिलिटर औषध, एक निर्जंतुक सुई आणि ती चालविणारा प्रशिक्षित हात एवढ्यावर ते टळू शकते. जे टळू शकते ते सोसावयास लावणे हीच अनावश्यक वेदना होय.

शेताच्या बांधावर रात्रभर जागणारा तो प्राणी आपले दुखणे सांगू शकत नाही. त्याच्या वतीने दवाखान्यात गेल्यावर मालकाने एवढेच विचारावे, "डॉक्टरसाहेब, शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर याला दुखू नये म्हणून काय करणार?" हा प्रश्न गावोगावी विचारला जाऊ लागला, तर त्याचे उत्तर देण्याची सिद्धता प्रत्येक दवाखान्यात हळूहळू निर्माण होईल.